किंगपिनला ग्रीस

भीमाशंकरकडच्या आदिवासी वाड्यांवर धान्य नेणारी आपली जुनी टाटा ४०७ थरथरू लागली, म्हणून पावसाळ्याआधी चाकणच्या गॅरेजमध्ये नेली. हे मॉडेल १९८६चे. पुढच्या अखंड एक्सलच्या टोकांना उभ्या किंगपिनवर चाके वळतात. मिस्त्रींनी एक्सल जॅकवर उचलून चाक वर-खाली धरून हलवले. खडखडले. ब्रेक दाबून पुन्हा हलवले, तरी खेळ तसाच. म्हणजे दोष बेअरिंगचा नाही, किंगपिन-बुशचा. घाटातल्या वळणावर अशी गाडी हातात राहत नाही. नवे बुश बसवून रीमरने पिनच्या मापाचे केले. नुसती पिन बदलणे म्हणजे पैसे पाण्यात. टायरॉड एंडही बदलले, मग अलाइनमेंट. ग्रीस वेळेवर दिले नव्हते, चूक आमचीच. आता दर महिन्याला चाक उचलून, जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरतो.