कुर्ल्याच्या पद्मिनीची दुखणी

जुनी प्रीमिअर पद्मिनी विकत घ्यायला निघालेला माणूस आधी इंजिनाचीच चौकशी करतो. धूर येतो का, ऑइल खाते का, सकाळी लगेच सुरू होते का. प्रश्न योग्य आहेत, पण ते नंतर विचारले तरी चालतील. या गाडीचं इंजिन आजही उघडता येतं, बोअर करता येतं, पुन्हा बांधता येतं, आणि त्याचा खर्च बोअरिंगवाला आधी सांगू शकतो. पायाखालचा पत्रा सडलेला असेल, तर काम कुठे थांबेल हे तो कापायला घेईपर्यंत कोणालाच कळत नाही. म्हणून आधी कार्पेट उचलावं, बॉनेट नंतर.

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाईल्स काढली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्या अमेरिकेच्या क्रायस्लरच्या परवान्यावरच्या होत्या. फियाटशी संबंध आला तो पुढच्या दशकात. फियाट 1100 चं जे गोलसर, पुढे नाक काढलेलं रूप तेव्हा आलं, त्याला आपल्याकडच्या लोकांनी ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिलं आणि ते कायमचं चिकटलं. 1964 मध्ये चौकोनी बांध्याची डिलाइट आली, पुढे तीच प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून पद्मिनी. नाव चितोडच्या राणीचं, पण आराखडा इटलीत 1962 साली आलेल्या फियाट 1100 डी चा. 2000 च्या सुमारास उत्पादन थांबलं तेव्हाही तो मुळातून बदललेला नव्हता. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ही उपेक्षा होती. मेकॅनिकच्या दृष्टीने मात्र फायदा झाला: गुरूने शिकवलेलं चेल्याच्या चेल्यालाही उपयोगी पडलं.

बॉनेटखाली चार सिलिंडर, 1089 सीसी, बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. या गाडीची बरीच दुखणी या जोडीतून निघतात. गरम झालं की अॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं. इंजिन त्याच्या नेहमीच्या तापमानात असेल तोवर मधलं गॅसकेट हा फरक सांभाळून घेतं. रेडिएटरच्या नळ्या बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी भरल्या, फॅनबेल्ट सैल झाला, किंवा वॉटर पंपाचं सील गळायला लागलं, की ट्रॅफिकमध्ये काटा वर चढतो. चालक ‘पुढच्या सिग्नलपर्यंत जाऊ’ म्हणतो आणि हेड वाकतं. मग दोन सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीवर गॅसकेट जळतं, किंवा पाणी ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे आले, तर गाडी तिथेच बंद करावी.

दुरुस्ती अवघड नाही, पण तिला शिस्त लागते. हेड उतरवून त्यावर सरळ पट्टी धरायची, फट दिसली तर फेस मारून घ्यायचा. दर वेळी थोडी जाडी कमी होते, कॉम्प्रेशन वाढतं आणि चढावर इंजिन खडखडायला लागतं. त्यामुळे जुन्या गाडीचं हेड आधी किती वेळा घासलं गेलंय हे विचारायलाच हवं. बसवताना बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळायचे. नुसत्या हाताच्या अंदाजाने आवळलेलं हेड काही महिन्यांत पुन्हा उतरवावं लागलं तर दोष गॅसकेटच्या कंपनीला देण्यात अर्थ नाही. आणि मूळ कारण रेडिएटरमध्ये असेल तर हेडचं काम वाया गेलं असं समजावं. रेडिएटरची टाकी झाळ सोडवून काढायची, प्रत्येक नळीतून बारीक सळई फिरवायची. याला रॉडिंग म्हणतात. हे करणारे कारागीर आता कमी होत चाललेत, त्यामुळे चांगला रेडिएटरवाला सापडला तर त्याला धरून राहावं.

उन्हाळ्यात घाट चढताना बंद पडलेली आणि बॉनेट उघडून उभी राहिलेली फियाट एका संपूर्ण पिढीने पाहिली आहे. त्यातल्या पुष्कळ गाड्या नादुरुस्त नसायच्या. या गाडीचा पेट्रोल पंप यांत्रिक आहे आणि इंजिनालाच बोल्टने जोडलेला आहे. इंजिन तापलं की पंपातलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते; पडदा हलत राहतो, पण वाफ दाबली जाते, पेट्रोल ओढलं जात नाही. ओलं फडकं पंपावर ठेवून पाच-दहा मिनिटं थांबलं की गाडी काही घडलंच नाही अशी सुरू होते. कायमचा उपाय म्हणून बरेच जण टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवतात, आणि रोज शहरात फिरणाऱ्या गाडीसाठी मला तो मान्य आहे. यांत्रिक पंप ठेवायचा असेल तर त्याच्या पडद्यावर नजर हवी. तो फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये जातं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी न भरता वाढलेली दिसली आणि वास आला, तर एक किलोमीटरही चालवू नये. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

टॅक्सीतून निवृत्त झालेल्या गाडीची गोष्ट वेगळी. या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. गॅस कोरडा जळतो. पेट्रोलमुळे व्हॉल्व्हच्या सीटला जो थोडाफार गारवा मिळतो तो इथे नसतो. सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये आत रुततो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. फट कमी झाली की टॅपेटचा कडकड आवाज बंद होतो, आणि मालकाला वाटतं इंजिन सुधारलं. प्रत्यक्षात व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा झालेला असतो आणि जळायच्या वाटेवर असतो. सीएनजीवर चाललेली पद्मिनी फार शांत वाटली तर फिलर गेज मागावा. नवीन कडक सीट बसवणं हाच त्यावरचा खरा उपाय आहे, टॅपेट पुन्हा पुन्हा सेट करून फक्त वेळ निघते. अशा गाडीच्या डिकीतला पत्राही नीट बघावा, कारण गॅसच्या जड सिलिंडरने तो वर्षानुवर्षं ताणलेला असतो आणि मागचे पाटेही बसलेले असतात.

बाकीची दुखणी लहान. पॉइंट जळतात, ते घासून फट सेट करता येते. कंडेन्सर गेला तर बदलायचा. पावसात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरते, कोरड्या फडक्याने पुसली की गाडी पेटते. स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या गिअरच्या लांब सळयांचे बुश झिजले की दोन लिव्हर एकदम पुढे सरकतात आणि गिअर अडकतो. जुने टॅक्सीवाले बॉनेट उघडून तो हाताने सोडवत आणि पुढे निघत. बुश स्वस्त आहेत, ते बदलणं हाच उपाय. गिअर टाकताना मागून ‘टक्’ आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस बघायचा.

पुढच्या चाकांकडे मात्र जास्त लक्ष द्यावं. किंगपिनना वेळच्या वेळी ग्रीस मिळालं नाही की चाक डुलायला लागतं आणि स्टिअरिंग सरळ रस्त्यावरही सांभाळावं लागतं. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावं. हलत असेल तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगावं. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष व्हील बेअरिंगचा, नाही थांबलं तर किंगपिनचा. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. फार काळ उभ्या राहिलेल्या गाडीत व्हील सिलिंडर आतून गंजून पिस्टन अडकतात. अशी गाडी विकत घेतली तर ब्रेकची सगळी रबरं, होज पाइप आणि ऑइल बदलल्याशिवाय ती गॅरेजच्या दारापर्यंतही चालवून नेऊ नये. ती टोईंगवर न्यावी. या बाबतीत मी कोणाचंही दुसरं मत ऐकायला तयार नाही.

आता पत्रा. पद्मिनीला वेगळी चासी नाही. फरशी, दाराखालची बीम आणि बॉडी मिळूनच गाडीचा भार पेलतात. मुंबईची खारी हवा, पावसाळ्यात तुंबलेलं पाणी आणि कार्पेटखालचं ओलं तागाचं अस्तर यांनी हीच बीम आतून खाल्ली जाते. बाहेरून रंग चकचकीत असतो. दार लावताना ते थोडं उचलून लावावं लागत असेल, दार आणि खांबातली फट वर एक आणि खाली एक असेल, तर बीम वाकली आहे असं धरून चालावं. सोबत एक लहान लोहचुंबक न्यावं: चाकावरच्या कमानी, दाराचा खालचा भाग, डिकीचा काठ. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. गाडीखाली नुकतंच जाड डांबर फासलेलं दिसलं तर विक्रेत्याची परवानगी घेऊन ते स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघावं. परवानगी मिळाली नाही, तर तेवढं उत्तर पुरे आहे.

चांगला पत्र्याचा मिस्त्री बीम कापण्याआधी दारं बसवूनच ठेवतो आणि बॉडीला आतून टेकू देतो. टेकू न देता कापलं तर मधोमध गाडी खाली बसते आणि नंतर कितीही ठोकलं तरी दारं बसत नाहीत. सडलेला भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापावा लागतो. गंजावर पट्टी वेल्ड करणं म्हणजे गंज झाकणं. आतून झिंक प्रायमर आणि बीमची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवणं, या दोन गोष्टींवर पुढची पंधरा वर्षं अवलंबून असतात. हे काम हळू चालतं आणि त्याची मजुरी जास्त असते. ती देताना घासाघीस करू नये असं मला मनापासून वाटतं, कारण हे हात पुन्हा तयार होणार नाहीत.

मुंबईत टॅक्सीचं वय वीस वर्षांपर्यंत बांधलेलं आहे. ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावर एकही राहिली नाही. भंगारात गेलेल्या गाड्यांचे सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि चोर बाजारात शोधावे लागतात. इंजिनाचे, ब्रेकचे भाग मिळतात, नाही मिळाले तर लेथवाला बनवून देतो. काचेभोवतीचं रबर, दाराच्या आतले हँडल, खिडकीच्या कडांच्या पट्ट्या यांना मात्र पर्याय नाही, त्या चांगल्या अवस्थेत दिसल्या की घेऊन ठेवाव्यात.

1974 च्या पहिल्या पद्मिनींना 2024 मध्ये पन्नास वर्षं झाली. केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हीए’ मालिकेत विंटेज म्हणून नोंदता येते, मात्र ती मूळ स्वरूपात असावी लागते. त्यामुळे इलेक्ट्रिक पंप, अल्टरनेटर, फ्लोअर शिफ्ट असे बदल करताना काढलेला प्रत्येक भाग, मग तो बंद पडलेला डायनमो का असेना, ऑइल लावून, कागदात गुंडाळून, त्यावर नाव लिहून ठेवावा. नोंदणीची वेळ येईल तेव्हा तो परत बसवता येतो.