रात्रीच्या फेरीचा दिवस

पहाटे साडेपाच. जूनच्या अखेरीस आंबोलीत उजाडतं म्हणजे काळं धुकं पांढरं होतं, इतकंच. रात्रभर पत्र्यावर पाऊस कसा वाजला, त्यावरून मी पाहुण्यांना साप-बेडूक दाखवायच्या आज रात्रीच्या फेरीचा पहिला अंदाज बांधते. वारं आणि मुसळधार असेल तर चापडे साप पानांआड सरकतात. वारं पडून भुरभुर राहिली की फांदीवर उघडे बसलेले सापडतात. पाहुणे मात्र मोबाईलवर हवामान बघून फोन करतात. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या गावाला मोबाईल रोज ‘पाऊस’ एवढंच सांगणार.

साडेसातला पुण्याहून फोन. “मॅडम, आंबोली टोड नक्की दिसेल ना?” दिसेलही, पण फोटोत पाहिलेला तो सोहळा उरकलाय. २००९ साली शास्त्रात नाव मिळालेला, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला हा टोड सुरुवातीच्या जोरदार पावसात सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर जमतो. जांभ्याच्या खळग्यांत बोटभर पाणी साचलं की मोजक्या दिवसांत मीलन, अंडी, सगळं आटोपून पांगतो. आता त्या खळग्यांत पिल्लावळ असेल. म्हणून आज सडा वगळला. अंधारात सहा जणांचे बूट त्या पाण्यातून न्यायचे नाहीत. फोनवर नाराजीचा सूर आला. येऊ दे.

नऊ ते बारा खरी पाहणी. रात्रीची वाट दिवसा चालूनच ठरते. कुठे शेवाळ आलंय, कुठे रात्रीत झाड आडवं झालंय, ओढ्याला किती पाणी आहे. ग्लायडिंग फ्रॉगची जागा शोधायला बेडूक दिसावा लागत नाही. साचलेल्या पाण्यावर ओणवलेल्या फांद्या बघायच्या. मादी पायांनी घुसळून पानांत फेसाचं घरटं करते आणि पिल्लं तिथून खाली पाण्यात टपकतात. एका टाकीवर ताजी तीन घरटी मिळाली. त्यांच्याखाली कुणी उभं राहायचं नाही, म्हणून उभं राहायची जागा अलीकडे दगड ठेवून ठरवली. मलबारी चापडा परवाच्याच कारवीवर आहे, तपकिरी रंगाचा. दबा धरून शिकार करणारा साप. एकेका जागी दिवसच्या दिवस काढतो. पाहणीला अर्थ आहे तो त्यामुळेच, आणि जागेचा ठावठिकाणा कुणाला पाठवायचा नाही तोही त्यामुळेच. मागच्या पावसात फोटोत पान आडवं येतं म्हणून कुणीतरी चापड्याच्या भोवतीची फांदीच छाटून गेलं.

परतताना टपरीवरच्या काकी म्हणाल्या, “ह्या धुक्यात काय दिसतला गो?” प्रश्न रास्त आहे. धुक्यात कपाळावरच्या विजेरीचा उजेड परत डोळ्यांवर येतो. विजेरी कमरेशी, पिवळ्या उजेडाची हवी.

दुपारचं काम रुक्ष आणि सगळ्यात महत्त्वाचं. सावंतवाडीच्या उपजिल्हा रुग्णालयात फोन करून रात्रपाळीला कोण आहे ते विचारते. मग घाटात दरड नाही ना, याची खात्री. घाट बंद असेल तर आजऱ्याची वाट धरायची, आणि तसं दिरांना जीप लावण्याआधी माहीत हवं, कारण जीपचं तोंड त्या बाजूला ठेवावं लागतं. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं. चापड्यावर ते चालत नाही. चापड्याच्या दंशाने सहसा जीव जात नाही, पण सूज आणि कळा भयंकर, उपचार लागतातच. हे पाहुण्यांना आधी सांगितलं की फेरीचा खप कमी होतो, असं धंद्यातले काही म्हणतात. होऊ दे कमी.

पाचला मंडळी आली. गमबूट ब्रशने घासून जंतुनाशकात बुडवले. दुसऱ्या जंगलातल्या चिखलाबरोबर बेडकांच्या कातडीला लागणारी बुरशी येऊ शकते. डासांचं मलम हाताला नको, बेडूक ओल्या कातडीतून सगळं शोषून घेतात. एकाने पिशवीतून साप धरायची काठी काढली. “भावजी, ही आपल्या घरी राहू दे,” मी दिरांना म्हटलं. त्यांनी ती गुपचूप माळ्यावर टाकली. परवानगीवाचून साप धरणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे त्या गृहस्थांना ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही.

साडेसात ते दहा फेरी. चापडा होता. टाकीवर नर ओरडत होते. देवगांडूळ, म्हणजे बिनपायांचा उभयचर, दाखवा म्हणून हट्ट झाला. २००३ मध्ये त्याची एक जात आंबोलीतूनच नोंदली गेली, हे कुणीतरी वाचून आलं होतं. ते मातीत राहतं, आणि दगड उलथत फिरायचं नाही, हे आधीच ठरलेलं. एक खापरखवल्या साप मात्र आपणहून रस्ता ओलांडताना भेटला. परतीला जीप वीसच्या वर गेली नाही. रस्त्यावर बेडूकच बेडूक होते.

अकराला बूट धुऊन उलटे टांगले, वहीत पाऊस, वेळ आणि दिसलेल्या जाती लिहिल्या. उद्याच्या गटात दोन शाळकरी मुलं आहेत. ओढ्याचा टप्पा गाळून टाकीवर जास्त वेळ द्यायचा, आणि त्यांच्या मापाचे गमबूट सकाळी शेजारून मागून आणायचे.