दोन गिलावे

घराची डागडुजी ज्यांनीं एकदां तरी करविली आहे त्यांना तिचें स्वरूप वेगळें सांगावयास नको. आठ दिवसांचें म्हणून काढलेलें काम दोन महिने चालतें. सामान स्वयंपाकघरांतून ओसरीवर आणि ओसरीवरून अंगणांत फिरत राहतें. आणि चहा पिणारांची संख्या काम करणारांच्या संख्येपेक्षां नेहमीं अधिक भरते. अशा दिवसांत घरधन्याचें मनगट मोडावें हें वरवर पाहतां विचित्र दिसतें, पण तसें तें नाहीं. ओली जमीन, वाटेंत पडलेलीं घमेलीं, हलणारी परांची, जागा बदललेलें सामान आणि जुन्या संवयीनें चालणारा मनुष्य, इतकीं कारणें एकत्र जमल्यावर कोणीं तरी पडणें ओघानेंच येतें. पडणारा मनुष्य हात पुढें टेकतो. हा हुकूम कोणी विचार करून देत नाहीं. डोकें वांचविण्यासाठीं शरीर आपण होऊन तो देतें. डोकें वांचतें, मनगट जातें. सौदा एकंदरींत फायद्याचा आहे, पण त्या क्षणीं तें पटत नाहीं.

आमचें गांव राळेगणसिद्धी, अहिल्यानगर जिल्ह्यांतील पारनेर तालुक्याचें. या गांवाच्या नव्या इतिहासाचा आरंभच मुळीं एका डागडुजीनें झाला. श्री. अण्णा हजारे सैन्यांतून निवृत्त होऊन १९७५ सालीं परत आले आणि यादवबाबांच्या पडक्या मंदिराचा जीर्णोद्धार त्यांनीं स्वतःच्या पैशांतून हातीं घेतला. पुढें श्रमदान, बांधबंदिस्ती, नाले अडविणें, झाडें लावणें, हें सर्व त्यामागून आलें. ज्या गांवानें देवळापासून डोंगरउतारापर्यंत सगळें दुरुस्त केलें, तेथें माझ्यासारख्या निवृत्त मास्तरानें स्वयंपाकघराच्या दोन भिंती दुरुस्त कराव्या यांत नवल नाहीं. गेल्या हिवाळ्यांत त्या भिंतींवर नवा गिलावा चढत असतां ओल्या फरशीवरून पाय सरकला आणि माझें उजवें मनगट मोडलें. भिंतीला ज्या दिवशीं गिलावा झाला त्याच दिवशीं सायंकाळीं हातालाहि झाला.

मनगट म्हणून आपण जो एक सांधा समजतों तो वस्तुतः आठ लहान हाडांचा, दोन रांगांत बसविलेला, फरसबंदीचा चौकच आहे. कोंपरापासून खालीं येणारीं दोन लांब हाडें त्याशीं येऊन भिडतात. त्यांपैकीं अंगठ्याच्या बाजूचें हाड खालच्या टोंकाशीं रुंद असतें, आणि टेकलेल्या हाताचा सुमारें चार पंचमांश भार तेंच उचलतें. करंगळीकडील हाड या कामीं बरेंचसें नांवाचें भागीदार असतें. (पुष्कळ मंडळांचा कारभार याच पद्धतीनें चालतो.) पालथें पडतांना तळहात जमिनीवर, मनगट मागें वळलेलें आणि वरून सगळ्या देहाचें ओझें, अशा स्थितींत तें रुंद टोंक सांध्याच्या वर इंच-दीड इंचावर मोडतें आणि तुटलेला भाग मागें सरकतो. या टोंकाशीं हाड आंतून भरीव नसतें. मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. वय वाढतें तशी ती जाळी विरळ होते, स्त्रियांची पाळी गेल्यावर तर विशेष लवकर. म्हणून साठीच्या पुढें माडीवरून पडावें लागत नाहीं. उभ्या जागीं पडणेंहि पुरतें.

या मोडीचें नेमकें वर्णन डब्लिनचे शस्त्रवैद्य अब्राहम कॉलिस यांनीं १८१४ सालीं प्रसिद्ध केलें. तोंपर्यंत बहुतेक वैद्य हिला सांधा निखळणें असेंच समजत. रॉंटगेन यांनीं क्ष-किरणांचा शोध लाविला तो १८९५ च्या नोव्हेंबरांत, आणि पुढच्याच महिन्यांत पत्नीच्या हाताचें छायाचित्र त्या किरणांनीं घेतलें. म्हणजे कॉलिस यांनीं ऐंशी वर्षें आधीं, केवळ डोळे आणि बोटें यांच्या बळावर हाडाची गोष्ट ओळखली. पाश्चात्त्य ग्रंथकार अशा हाताला जेवणाच्या काट्याची उपमा देतात. आमच्या घरांत काटा नाहीं. माझा हात पाहतांच मंडळी म्हणाल्या, "अहो, हा तर उलथन्यासारखा वांकला!" तालुक्याच्या गांवीं डॉक्टरांनीं फोटो काढून तेंच इंग्रजींत सांगितलें.

हाताचा गिलावा आणि भिंतीचा गिलावा यांचें नातें दिसतें त्याहून अधिक जवळचें आहे. हाताच्या पट्टींतील पांढरी भुकटी म्हणजे जिप्सम नांवाचा दगड. तो सुमारें दीडशें अंश उष्णतेवर भाजला कीं त्यांतील तीनचतुर्थांश पाणी निघून जातें. पुढें त्या भुकटीला पाणी दाखवितांच ती तें अधाशासारखें परत घेते, गरम होते आणि कांहीं मिनिटांत पुन्हां दगड बनते. युरोपांत ही भुकटी भिंती आणि मूर्ती यांच्या कामीं फार जुन्या काळापासून होती. ती कापडी पट्टींत चोळून मोडलेल्या हाडाभोंवतीं गुंडाळण्याची युक्ति मॅथायसन नांवाच्या डच लष्करी शस्त्रवैद्यानें १८५२ सालीं प्रसिद्ध केली. गवंड्याच्या सामानावर वैद्यकानें केलेला हा गोड दरोडाच होय. आतां कांचतंतूंचें हलकें आवरणहि मिळतें. माझ्या वांट्यास जुनेंच आलें.

मात्र एके ठिकाणीं दोन्ही गिलाव्यांचा मार्ग भिन्न होतो. सिमेंटाचा गिलावा वाळून कठीण होत नाहीं, पाण्याशीं संयोग पावून होतो. म्हणून त्यावर निदान सात दिवस पाणी मारीत राहावें लागतें. हाताचा गिलावा एकदां सुकला कीं पाणी त्याचें वैरी. आमच्या गवंड्यानें हें सूत्ररूपानें सांगितलें: "गुर्जी, भिंतीला पानी तोडू नका आन् हाताला लावू नका." परिणामीं आठवडाभर मंडळी नळी घेऊन भिंतीला न्हाऊं घालीत, आणि मी हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून अंगणांत, सामानाबरोबर. कपाट, पिठाचा डबा आणि मी असे तिघे एका ओळींत बसलेले पाहून शेजारणीनें "यांतलें काय काय टाकायचें आहे?" असें विचारलें.

येथें कांहीं गोष्टी हंसण्यावारी न नेतां सांगावयास पाहिजेत. हात पडतांच प्रथम अंगठी आणि बांगड्या काढाव्या. सूज चढल्यावर त्या निघत नाहींत, आणि बोटाचा रक्तपुरवठा तोडतात. सोन्याचा मोह असेल तर सोनाराकडून मागाहून सांधून घेतां येतें. बोट सांधून मिळत नाहीं. हाताखालीं पुठ्ठा किंवा घडी केलेलें वर्तमानपत्र देऊन तो झोळींत बांधावा. तेल लावून चोळून घेणें, ओढून "बसविणें", हे प्रकार करूं नयेत. तुटलेल्या हाडाचीं टोंकें आंत सुरीसारखीं असतात. पट्टी बांधल्यावर बोटें पांढरीं वा निळीं पडलीं, बधिर झालीं, किंवा वेदना कमी होण्याऐवजीं वाढूं लागली, तर सकाळची वाट न पाहतां त्याच रात्रीं डॉक्टरांकडे जावें. आणखी एक: अंगठ्याच्या मुळाशीं जो खळगा आहे त्यांत दाबल्यास दुखत असेल, तर पहिल्या फोटोंत कांहीं दिसलें नाहीं म्हणून निश्चिंत राहूं नये. तेथील नावेच्या आकाराचें लहान हाड पुष्कळदां दहा-पंधरा दिवसांनीं काढलेल्या दुसऱ्या फोटोंत आपली मोड कबूल करतें. त्याला रक्त कमी पोंचतें, म्हणून दुर्लक्ष झाल्यास तें सांधतच नाहीं.

पट्टींत हात गेला म्हणजे मनुष्य बेकार होत नाहीं. तो नवशिका होतो. एका हातानें धोतर नेसतां येत नाहीं हें मीं पहिल्याच सकाळीं सिद्ध केलें. पायजम्याची नाडी त्याहून कठीण. एका हाताचा नमस्कार समोरच्यास नमस्कार न वाटतां "तेथेंच थांबा" असा वाटतो, आणि कांहीं पाहुणे खरोखर थांबले. जेवतांना डावा हात ताटांत घालणें आमच्या पिढीस जमत नाहीं. चमच्यानें वरणभात साधतो, पण चमच्यानें भाकरी मोडून पाहावी! गवंड्याचा हिशेब मीं डाव्या हातानें लिहूं लागलों. तें अक्षर पाहून नातीनें मोठ्या समजुतीच्या स्वरांत "आजोबा, रेघ सोडूं नका" असें सांगितलें. भेटावयास येणारा प्रत्येकजण तेच चार प्रश्न विचारी. शेवटीं तिच्याकडून पट्टीवरच शाईनें उत्तरें लिहवून घेतलीं: ओल्या फरशीवरून. उजवें. सहा आठवडे. होय, दुखतें. कामापुरतें बोलणें झाल्यावर पाहुण्यांना चहाकडे लक्ष देतां येऊं लागलें.

पेन्शनीच्या कामीं मात्र सही अडली. ज्याला सही करतां येत नाहीं अशा पेन्शनरास दोन साक्षीदारांसमक्ष, त्यांत एक बँकेचा जबाबदार अधिकारी, अंगठा उठवून पैसे काढतां येतात. आणि हाताचा अंगठाहि चालत नसेल तर पायाचा चालतो. हा नियम आजारी व वृद्ध माणसांनीं अवश्य ध्यानांत ठेवावा. मीं साक्षरतेच्या रात्रवर्गांत पुष्कळ अंगठेबहाद्दरांना सही शिकविली आहे. दुसरा साक्षीदार त्याच वर्गांतील निघाला. मीं अंगठा उठविल्यावर त्यानें खालीं आपली सही केली, ती मुद्दाम सावकाश आणि फार वळणदार.

दिवसा हें सर्व विनोदाचें असे. रात्रीं पट्टीचें वजन वाढे, आणि ज्या हातानें इतकीं वर्षें फळ्यावर लिहिलें तो पुन्हां लिहील कीं नाहीं हा एकच विचार फिरत राही. अशा वेळीं सोबतीला दुसरा कोणी मनगटमोड्या असावा असें वाटतें, आणि मला तो इतिहासांत सांपडला. अमेरिकेचे पुढें राष्ट्राध्यक्ष झालेले टॉमस जेफर्सन यांचें उजवें मनगट १७८६ सालीं पॅरिसमध्यें दुखावलें. ते डाव्या हातानें पत्रें लिहूं लागले. उजव्या हाताची हकीकत डाव्याला सांगावयाची म्हणजे ती फार लांबेल, अशी थट्टाहि त्यांनीं एका स्नेह्याला लिहून केली. तें मनगट पुरतें असें कधींच बरें झालें नाहीं. या गृहस्थांना घराच्या डागडुजीचें व्यसन होतें. मॉन्टिसेलो येथील आपलें घर त्यांनीं १७९६ पासून पुढें कित्येक वर्षें पाडून-बांधून चालविलें. आणि १८२२ सालीं त्याच घराच्या गच्चीची एक जीर्ण पायरी ढासळून ते पडले व डावा हात मोडला! मंडळींना मीं ही गोष्ट सांगितली. त्यांनीं सगळी ऐकून घेतली आणि "मग आपण पायरी आधीं करून घेऊं," एवढेंच म्हणाल्या. माझे दोन्ही हात त्याच चालवीत होत्या, भिंतीहि त्याच भिजवीत होत्या, आणि त्यांचें वय माझ्याहून फारसें कमी नाहीं; हें ध्यानांत आल्यापासून थट्टा करावयाची ती माझ्या हाताची, त्यांच्या धांदलीची नव्हे, असा मीं नियम केला.

हाड सांधतें तें कसें, हेंहि गवंडीकामासारखेंच आहे. प्रथम मोडीभोंवतीं रक्त गोठतें. दोन-तीन आठवड्यांत तेथें मऊ भर तयार होते. मग तींत चुन्याचे क्षार बसून ती कठीण होते. आणि वर आलेला ओबडधोबड भाग घासून पूर्वीच्या आकारास आणण्याचें काम महिनेच्या महिने चालू राहतें. तोडणाऱ्या पेशी निराळ्या, बांधणाऱ्या निराळ्या. निरोगी मनुष्याच्या सांगाड्यांतहि ही डागडुजी अखंड चालते. वर्षांत सुमारें एक दशांश हाड नवें होतें, आणि चहा कोणी मागत नाहीं.

आपल्या सुश्रुतसंहितेंत या विषयाचा स्वतंत्र अध्याय आहे, आणि तो आजहि वाचण्यासारखा आहे. वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबू यांच्या चिपा लावून हाड बांधावें. बंध सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाहीं, फार घट्ट असेल तर सूज व वेदना होते. थंडीच्या दिवसांत तो सात दिवसांनीं बदलावा, साधारण ऋतूंत पांच आणि उन्हाळ्यांत तीन. लहान वयांत हाड एका महिन्यांत सांधतें, मध्यम वयांत दोन, उतारवयांत तीन, असा हिशेबहि दिला आहे. डॉक्टरांनीं मला पट्टीचे सहा आठवडे सांगितले आणि हातांत जोर येण्यास आणखी तितकेच. बेरीज ग्रंथकाराच्या जवळच येते.

पट्टी निघाली तेव्हां आंतून निघालेला हात माझा वाटेना: बारीक, कोरडा आणि आखडलेला. रोज कोमट पाण्यांत मूठ उघडणें-मिटणें, तळहात वाढण्यासारखा पालथा व घेण्यासारखा उताणा करणें, असा अभ्यास दिला गेला. व्यायामतज्ज्ञ मऊ रबरी चेंडू दाबावयास देतात. तळहाताच्या मोडीसाठीं सुश्रुतानें हीच गोष्ट सांगितली आहे: आधीं मातीचा गोळा हातांत धरावा, मग मिठाचा खडा, आणि हातांत बळ आल्यावर दगड. आमच्या अंगणांत भिंतीची उरलेली माती होतीच, तेव्हां आरंभ बिनखर्चाचा झाला. सध्यां मी सैंधवाच्या खड्यापर्यंत आलों आहें. अक्षर अजून किंचित् थरथरतें, पण रेघ सुटत नाहीं. स्वयंपाकघराची एक भिंत रंगवावयाची राहिली आहे, आणि गवंड्यानें जातांना कोपऱ्यांत एक गुळगुळीत गोटा ठेवून "गुर्जी, ह्यो तुमचा" असें सांगितलें आहे.