घराचे काम कोणाला द्यावे?

घर बांधणे, घर दुरुस्त करणे ही कामे आयुष्यात एकदोनदाच निघतात. त्यात गाठीचा सारा पैसा जातो. म्हणून काम कोणाच्या हाती द्यायचे, ते नीट पाहावे.

चार वर्षांपूर्वी आम्ही घरामागे एक खोली काढली. ठेकेदार मोठा गोडबोल्या. "गुरुजी, तुमच्याशी कसला कागद?" म्हणाला. आम्हांलाही कागद मागायची लाज वाटली. बहुतेक पैसे आधीच देऊन बसलो. मृग लागला तेव्हा भिंती उभ्या, वर पत्रा नाही आणि ठेकेदाराचा पत्ता नाही! जन्मभर पोरांकडून लिहून घेतले. स्वतःच्या पैशासाठी मात्र एक ओळ लिहून घेतली नाही.

मंडळी, तुम्ही असे करू नका.

आधी त्याने बांधलेली दोनतीन घरे पाहा. दोन पावसाळे काढलेले घर पाहावे. भिंतीला ओल आहे का? तडा गेला आहे का? घरधन्याला विचारा, "काम वेळेवर झाले का? मध्येच पैसे वाढवून मागितले का?" त्याच्या मजुरांनाही विचारा. जो मजुरी बुडवितो, तो तुम्हांलाही बुडवील.

भाव दोघातिघांना विचारा. फारच स्वस्त सांगणारा बहुधा मालात हात मारतो. काम उक्ते दिले, तर माल कोणी आणायचा ते आधी ठरवा. एक ब्रास वाळू म्हणजे 100 घनफूट. सिमेंटचे पोते 50 किलोचे. माल मोजून घ्या. मूठभर वाळू ग्लासभर पाण्यात ढवळून ठेवा. वाळू तळाशी बसते, मातीचा थर तिच्यावर धरतो. थर जाड दिसला, तर ती वाळू घेऊ नका.

चांगला गवंडी ओळंबा लावून भिंत चढवितो. नव्या बांधकामावर निदान सात दिवस पाणी मारा, असे तो आपणहून सांगतो.

पैसे एकदम देऊ नका. विसार थोडा द्या. जोते झाले की एक हप्ता, भिंती झाल्या की दुसरा, छप्पर चढले की तिसरा. थोडी रक्कम एक पाऊस पडेपर्यंत राखून ठेवा.

हे सारे कागदावर लिहा. काम कोणते, माल कोणाचा, पैसे किती, काम कधी संपणार. खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. दिलेला प्रत्येक हप्ता तारीख घालून त्याच कागदावर मांडा आणि त्याची सही घ्या.

आता तुम्हांला वाचता येते. अंगठा उठविण्याचे दिवस गेले. कागद स्वतः वाचा, मगच सही करा. कागद मागितला म्हणून प्रामाणिक माणूस रागावत नाही. आमची खोली पुढे दुसऱ्या गवंड्याने पुरी केली. त्याने कागद आपणच पुढे केला होता!