चित्रकाराची दृष्टी आणि वास्तुकाराची रेषा

घर बांधावयाचे ठरले की आपण प्रथम खोल्या मोजतो, मग खर्चाचा अंदाज काढतो. घर जेथे उभे राहणार ती जागा मात्र आपण क्वचितच डोळे भरून पाहतो. तिचा उतार, तिच्यावरील झाडे, जवळचे पाणी, दूरची टेकडी ही सारी तेथे आधीपासून असतात. घर मागाहून येते. ही साधी गोष्ट इंग्लंडातील बांधणाऱ्यांना एके काळी चित्रकारांनी शिकविली. ती कशी, हे आज पाहावयाचे आहे.

सतराव्या शतकात क्लॉद लॉरँ हा निसर्गचित्रकार रोम येथे राहत असे. तो जन्माने लोरेन प्रांतातला; परंतु त्याचे बहुतेक आयुष्य रोममध्येच गेले आणि १६८२ साली तो तेथेच वारला. शहराबाहेरच्या माळरानात हिंडून तो रेखाटने करी. त्याच्या अनेक चित्रांची मांडणी ठराविक असे. पुढे, एका बाजूस, गर्द वृक्षांची सावली. मध्ये पाणी किंवा पूल. पलीकडे एखादे प्राचीन मंदिर. आणि सर्वांच्या मागे उजेडात विरघळणारे डोंगर. पाहणाऱ्याची नजर सावलीतून निघून पायरीपायरीने प्रकाशाकडे जाते. इमारत चित्रात असते. पण सारे चित्र ती बळकावून बसत नाही.

पुढे इंग्लंडातील धनिकांनी ही चित्रे हौसेने विकत घेतली. तोवर तेथील श्रीमंती बागा म्हणजे सरळ वाटा आणि कातरलेली झुडपे. विल्टशरमधील स्टाउरहेड येथे हेन्री होर या पेढीवाल्याने १७४० नंतर निराळाच प्रयोग आरंभिला. दरीत बांध घालून त्याने तळे केले. पलीकडच्या काठावर, १७५३-५४ च्या सुमारास, हेन्री फ्लिटक्रॉफ्ट या वास्तुकाराने रोमच्या पँथिऑनच्या धर्तीवर लहानसे मंदिर उभारले. १७६२ साली कमानींचा दगडी पूल झाला. आजही अलीकडच्या काठावरून पाहिले, तर पूल, पाणी, मंदिर आणि रान क्लॉदच्या चित्रासारखे एकामागे एक उभे राहतात. मंदिर कोठे असावे, हे तेथे नजरेने ठरविले होते.

परंतु चित्र एका जागेवरून पाहावयाचे असते. माणूस मात्र चालतो. हा भेद हंफ्री रेप्टन याने नीट ओळखला. १७८८ साली त्याने उद्यानरचनेचा व्यवसाय पत्करला. प्रत्येक मालकासाठी तो बहुधा लाल चामड्याची बांधणी असलेले पुस्तक तयार करी. त्यातील जलरंगी चित्रावर कागदाची एक झडप असे. झडप खाली असता आजची जागा दिसे. उचलली की होऊ घातलेली. कुदळ लागण्यापूर्वीच मालकाला फरक कळे. चित्राचा असा उपयोग करणाऱ्या रेप्टननेच पुढे वादात बजावले, की चित्रातील प्रकाश स्थिर असतो, जागेवरचा क्षणोक्षणी पालटतो. आणि जागेत माणसांना राहावयाचे असते, म्हणून सोय ही सौंदर्याइतकीच महत्त्वाची.

ही शेवटची गोष्ट विसरली गेली तेव्हा काय झाले, तेही सांगितले पाहिजे. डॉर्सेट परगण्यात लॉर्ड मिल्टन याच्या वाड्याशेजारी एक जुने बाजाराचे गाव होते. वाड्यासमोरच्या देखाव्यात त्याला ते खुपू लागले. गाव पाडले गेले आणि १७८० च्या सुमारास दृष्टीआडच्या खोऱ्यात मिल्टन अॅबस हे नवे गाव वसविण्यात आले. गवती छपरांची ती नीटस घरे आज प्रवासी कौतुकाने पाहतात. पण जुन्या गावाचा बाजार, गल्ल्या, शेजार हे सारे हिरवळीखाली गेले. आश्चर्य असे, की क्लॉदच्या चित्रांत गुराखी असतो, वाटसरू असतो, गुरे असतात. लॉर्डसाहेबाने देखावा तेवढा ठेवला आणि माणसाला चौकटीबाहेर काढले.

तेव्हा चित्रकाराकडून शिकावयाचे ते हे: बांधण्यापूर्वी जागेवर जावे, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. दारातून, खिडकीतून, रस्त्याच्या वळणावरून काय दिसेल ते वेडेवाकडे का होईना, कागदावर उतरवावे. आणि त्या कागदावर शेजाऱ्याची खिडकी, येणाऱ्या-जाणाऱ्याची पायवाटही काढावी. आपली भिंत उभी राहिल्यावर त्यांच्या वाट्याला कोणते चित्र उरणार, हे त्याच कागदावर दिसेल. आणि रेषा तेव्हा खोडता येते, भिंत खोडता येत नाही.