शिडाच्या नौकेवरील खोलीमापक : दोष कोठे शोधावा?

प्रस्तावना

देवगाव फाट्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. त्यामुळे शिडाच्या नौकेवरील खोलीमापक हा विषय परभणी जिल्ह्यातील वाचकास काहीसा परका वाटण्याचा संभव आहे. तथापि फाट्यावरून जिंतूरमार्गे येलदरीला गेले की पूर्णा नदीवरील धरणाचा विस्तीर्ण जलाशय समोर येतो. हे धरण १९६८ साली पूर्ण झाले. त्याच्या तळाशी आजवर किती गाळ साचला, हा प्रश्न विचारला की उत्तरासाठी तेच यंत्र हाती घ्यावे लागते. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पाण्याच्या पसाऱ्याचे क्षेत्रफळ काढता येते. परंतु पाणी ज्या पातळीच्या खाली कधी उतरतच नाही, त्या भागाचा तळ पाहण्यास नौका व खोलीमापक यांखेरीज सोपा मार्ग नाही. शिवाय शिडाच्या नौका केवळ समुद्रावरच चालतात असेही नाही. पुण्याजवळील खडकवासला जलाशयाच्या पीकॉक बे या भागात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाची नौका चालविण्याचे शिक्षण घेतात.

प्रस्तुत लेखात, व्यवहारात ज्यास इको साउंडर म्हणतात त्या यंत्राने चुकीचा आकडा दाखविल्यास किंवा आकडाच न दाखविल्यास दोष कसा शोधावा, याचे विवेचन केले आहे. यंत्र बिघडले म्हणून ते उघडावयास बसणे ही बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया असते. लेखकाच्या मते ती चुकीच्या टोकाकडून केलेली सुरुवात होय. प्रथम पाहावयाचे ते यंत्र नव्हे, तर चुकीचा स्वभाव.

यंत्र नेमके काय मोजते?

खोलीमापक खोली मोजत नाही; तो वेळ मोजतो. नौकेच्या तळाशी बसविलेला ट्रान्सड्यूसर ध्वनीचा एक क्षणिक स्पंद पाण्यात सोडतो, तो तळावर आदळून परततो, आणि जाण्यायेण्यास लागलेल्या वेळेवरून खोली काढली जाते. १० मीटर खोलीसाठी हा काळ सुमारे १३ मिलिसेकंद इतका अल्प असतो. या कार्यामागे दाबविद्युत हा गुणधर्म आहे. पिअर व जाक क्युरी या बंधूंनी तो १८८० मध्ये शोधून काढला. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या साहाय्याने पाण्यात ध्वनी सोडण्याची युक्ती सिद्ध केली, तर १९२५ ते १९२७ या काळात ‘मेटेओर’ या जर्मन जहाजाने प्रतिध्वनीच्या पद्धतीने दक्षिण अटलांटिकच्या तळाचे विस्तृत मापन केले. तत्पूर्वी शतकानुशतके खलाशी दोरीला शिशाचा ओळंबा बांधून वावांत खोली मोजत. ओळंब्याच्या बुडाशी खळगा करून त्यात चरबी भरीत. म्हणजे तळाची वाळू वा चिखल तिला चिकटून वर येई. आकड्याबरोबर तळाचा नमुनाही देणारी ही साधी सोय आजच्या छोट्या नौकांवरील यंत्रांत नाही, हे येथे नमूद करावेसे वाटते.

वेळेचे रूपांतर खोलीत करण्यासाठी यंत्रास ध्वनीचा वेग गृहीत धरावा लागतो. बहुतेक छोट्या यंत्रांत तो सेकंदास १५०० मीटर धरलेला असतो. त्यानंतर ट्रान्सड्यूसर पाण्याच्या पृष्ठभागाखाली किती अंतरावर आहे, याची दुरुस्ती त्यात मिळवावी लागते. म्हणजे पडद्यावरील आकड्यामागे चार गोष्टी असतात : परतलेला प्रतिध्वनी, मोजलेली वेळ, गृहीत धरलेला वेग आणि मिळविलेली दुरुस्ती. यांपैकी वेळ मोजण्यात आधुनिक यंत्र क्वचितच चुकते. उरलेल्या तिन्हींत मात्र मनुष्य, पाणी आणि नौका यांचा हात असतो.

दोन खोलींवरील परीक्षा

दोष ओळखण्याची सर्वांत विश्वसनीय परीक्षा ओळंब्याचीच आहे. शांत पाण्यात, नांगर टाकून, एक उथळ व एक खोल अशा दोन ठिकाणी ओळंब्याने खोली मोजावी आणि त्याच क्षणी यंत्राचा आकडा लिहून घ्यावा. एकाच ठिकाणची तुलना पुरेशी नाही, यावर भर देणे आवश्यक आहे.

समजा, ओळंब्याने खोली ३ मीटर व १२ मीटर आली, आणि यंत्राने २.४ व ११.४ मीटर दाखविले. दोन्ही ठिकाणी फरक ०.६ मीटरच आहे. तेव्हा यंत्रात दोष नाही. ट्रान्सड्यूसर पाण्याखाली ०.६ मीटरवर आहे आणि त्याची दुरुस्ती कोणी भरलेली नाही. याउलट आकडे ३.०४ व १२.१५ असे आले, तर फरक खोलीच्या प्रमाणात वाढतो आहे. अशी चूक वेगाच्या गृहीतकातून येते. तिसरी शक्यता अशी की, एका ठिकाणी आकडा बरोबर येतो आणि दुसऱ्या ठिकाणी भलताच येतो किंवा येतच नाही. तेव्हा प्रतिध्वनीकडे वळावे. या तीन निदानांसाठी पेचकस हाती घ्यावा लागत नाही.

पहिल्या प्रकारची चूक शास्त्रीयदृष्ट्या क्षुल्लक असली तरी नौकेच्या दृष्टीने तीच सर्वांत घातक ठरते. एखाद्या नौकेचा तळकणा, म्हणजे कील, पाण्याखाली १.८ मीटर असेल आणि ट्रान्सड्यूसर ०.६ मीटरवर असेल, तर दुरुस्ती न भरलेल्या यंत्रावर १.२ मीटर दिसत असतानाच कील तळाला लागते. ‘कीलखाली अजून सव्वा मीटर पाणी आहे’ असे समजणारा नाविक त्याच क्षणी रुतलेला असतो. काही यंत्रांत खोली पृष्ठभागापासून दाखविण्याची, तर काहींत कीलच्या बुडापासून दाखविण्याची सोय असते. नौका दुसऱ्याच्या हाती गेली की ही मांडणी कोणती आहे, हे विचारण्याचे सहसा राहून जाते.

येथेच आणखी एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. सागरी नकाशावरील खोली व यंत्रावरील खोली जुळत नाही, अशी तक्रार वरचेवर ऐकू येते. नकाशातील आकडे अत्यंत नीच ओहोटीच्या पातळीपासून दिलेले असतात. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील फरक चार मीटरहून अधिक असू शकतो. भरतीची उंची मिळविल्याशिवाय केलेली तुलना निरर्थक होय. जलाशयात भरती नसते. परंतु तेथेही त्या दिवसाची जलपातळी नोंदविल्याखेरीज मोजलेल्या खोलीवरून तळाची उंची काढता येत नाही.

आकडाच दिसत नसेल तर

पडदा पूर्ण काळा असल्यास प्रश्न विजेचा असतो. फ्यूज, गंजलेली जोडणी व सैल स्क्रू ही नेहमीची स्थाने होत. मात्र बॅटरीवर १२ व्होल्ट मिळाले म्हणून समाधान मानू नये. यंत्र चालू ठेवून यंत्राच्याच टोकाशी विद्युतदाब मोजावा. खाऱ्या हवेने काळवंडलेली तार भार नसताना पूर्ण दाब दाखविते आणि भार येताच कोसळते. इंजिन सुरू करताना यंत्र बंद पडून पुन्हा चालू होत असेल, तर हेच कारण संभवते.

पडदा उजळलेला आहे, पण आकड्याऐवजी रेघा दिसतात किंवा शेवटचा आकडा लुकलुकत राहतो, अशा वेळी यंत्रास प्रतिध्वनी मिळत नाही असे समजावे. अगोदर ट्रान्सड्यूसरचा पृष्ठभाग पाहावा. उबदार समुद्रात काही आठवड्यांतच त्यावर शेवाळ व कवचधारी जीवांचा थर चढतो. तो खरवडून काढताना पृष्ठभागास ओरखडे पडू देऊ नयेत, आणि वर रंगाचे थरावर थर देण्याचा मोहही टाळावा. काही नौकांत ट्रान्सड्यूसर तळास भोक न पाडता आतील बाजूस, तेल वा पाणी भरलेल्या कोठीत बसविलेला असतो. कोठीतील द्रव आटला की मध्ये हवा शिरते, आणि हवा व पाणी यांच्या सीमेवरून ध्वनी जवळजवळ संपूर्ण परावर्तित होतो. अशा वेळी कोठी पुन्हा भरणे एवढाच उपचार असतो.

काचतंतूच्या एकसंध तळातून ध्वनी पार जातो, मात्र त्याची तीव्रता घटते. तळाच्या दोन पापुद्र्यांमध्ये लाकडाचा किंवा फोमचा गाभा असेल, तर तो जाऊ शकत नाही. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेली भारतीय नौदलाची ‘म्हादेई’ ही नौका लाकडी गाभा व काचतंतूचे आवरण अशा रचनेची आहे; दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये तीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा रचनेच्या नौकेत ट्रान्सड्यूसर तळाच्या आरपारच बसवावा लागतो. जुन्या नौकेवरील यंत्र काढून गाभ्याच्या नौकेत आतून चिकटविले आणि ते ‘बिघडले’, असे झाल्यास दोष यंत्रास देता येणार नाही. तसेच महासागरात हजारो मीटर खोलीवर २०० किलोहर्ट्झचे छोटे यंत्र आकडा दाखवीत नाही किंवा मध्येच एखादा निराधार आकडा दाखविते. हाही बिघाड नव्हे. तेवढ्या खोलीवरून परत येण्याचे बळच त्या स्पंदात नसते.

ट्रान्सड्यूसर जिवंत आहे की नाही, हे कळण्यास एक घरगुती उपाय आहे. यंत्र चालू ठेवून त्याला कान लावला असता अनेकदा बारीक टिकटिक ऐकू येते. ती ऐकू आल्यास स्पंद सुटत आहे आणि दोष पुढे कोठेतरी आहे.

कलणारी नौका

शिडाच्या नौकेचे असे एक वैशिष्ट्य आहे की, मोटारबोटीच्या माहितीपुस्तिकेत त्याचा विचार आढळत नाही. ती वाऱ्याने कलते. २५ अंश कललेल्या नौकेचा ध्वनिझोत तिरपा जातो. झोत अरुंद असल्यास १० मीटरचा आकडा प्रत्यक्षात सुमारे ९ मीटर खोलीचा असतो; प्रसंगी प्रतिध्वनी परततच नाही. ट्रान्सड्यूसर कीलच्या एका अंगास असेल, तर एका बाजूस कलताना आकडा मिळतो आणि दुसऱ्या बाजूस कलताना नाहीसा होतो. वारा बदलला की बरा होणारा दोष विद्युत परिपथात शोधणे व्यर्थ आहे.

बुडबुडे व विद्युत गोंगाट यांबाबत मात्र शिडाची नौका भाग्यवान म्हटली पाहिजे. इंजिन बंद करून ती चालत राहू शकते. इंजिन बंद करताच आकडा स्थिर झाला, तर पंख्याने उडविलेले बुडबुडे किंवा अल्टरनेटरचा गोंगाट यांवर संशय घ्यावा. त्यानंतर इन्व्हर्टर, रेडिओ व शेजारच्या नौकेवरील त्याच वारंवारतेचे यंत्र यांची पाळी येते. एकेक उपकरण बंद करीत जाणे कंटाळवाणे असले तरी अचूक आहे. एकदम सर्व बंद केल्यास काहीच कळत नाही.

पाणी, गाळ आणि फसवा तळ

वेगाच्या गृहीतकाकडे पुन्हा वळू. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदास सुमारे १५४५ मीटर वेगाने जातो. यंत्र १५०० धरीत असल्याने ते खोली किंचित कमी दाखविते. ही चूक नाविकाच्या पथ्यावर पडते. २० अंशाच्या गोड्या पाण्यात हाच वेग सुमारे १४८२ मीटर असतो. तेथे यंत्र खोली अधिक दाखविते. अर्थात हेच यंत्र समुद्रावर सावध आणि हिवाळ्यातील जलाशयावर थोडे बेपर्वा असते. २० मीटर खोलीवर हा फरक सुमारे २४ सेंटिमीटर भरतो. नौकेस तो जाणवणारही नाही. परंतु एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर केवळ १० सेंटिमीटरची चूक म्हणजे एक लाख घनमीटर पाणी होय. ज्या जलाशयावर पिण्याचे पाणी व सिंचन अवलंबून आहे, त्याच्या हिशेबात एवढे पाणी कागदावर असून प्रत्यक्षात नसणे, ही किरकोळ गोष्ट म्हणता येत नाही.

प्रतिध्वनीची आणखी एक फसवणूक उथळ व कठीण तळावर दिसते. ध्वनी तळावरून पृष्ठभागाकडे, तेथून पुन्हा तळाकडे असा दोनदा फिरतो आणि यंत्र ३ मीटरऐवजी ६ मीटर दाखविते. संवेदनक्षमता कमी केल्यास बहुधा खरा आकडा येतो. माशांचा थवा किंवा पाण्याच्या थंड-उष्ण थरांची सीमा यांमुळे उलट चूक, म्हणजे तळाआधीच तळ, दिसू शकते.

मऊ गाळाचा प्रश्न याहून अवघड आहे. खाडीत किंवा काळ्या मातीच्या प्रदेशातील जलाशयात पावसाळ्यानंतर तळाशी दाट, वाहता चिखल साचतो. सुमारे २०० किलोहर्ट्झचा ध्वनी त्याच्या वरच्या पृष्ठावरून परततो, ३० किलोहर्ट्झच्या आसपासचा ध्वनी आत शिरून खालच्या घट्ट थरावरून येतो, आणि ओळंबा आपल्या वजनाने कोठेतरी मध्येच थांबतो. तीन मापने, तीन आकडे. आणि तिन्हींपैकी एकही खोटा नाही. म्हणून सर्वेक्षणात दोन वारंवारतांची यंत्रे वापरतात. शिडाच्या नौकेवर ती चैन नसते. तेथे ओळंबा वर ओढल्यावर त्याच्या बुडाची चरबी पाहावी, आणि नोंदवहीत आकड्याशेजारी तळ वाळूचा की चिखलाचा, नौका कोणत्या बाजूस कललेली होती, इंजिन चालू होते की बंद, आणि भरतीची वेळ वा जलाशयाची पातळी काय होती, हे त्याच वेळी लिहून ठेवावे.