विमानाची वाट आणि वेळ

मूलहून नागपूरला जाणारा रस्ता जंगलातून वळणे घेतो, नद्यांवरील पूल गाठतो आणि वाटेतील गावांतून जातो. आकाशात अशी वळणे नसतात. सरळ रेषेत मोजले, तर मूलपासून नागपूरचा विमानतळ सुमारे 130 किलोमीटर अंतरावर आहे. रस्त्याने हे अंतर बरेच अधिक भरते. दोन विमानतळांमधील अंतर सांगतात, ते असेच सरळ वाटेचे असते.

मुलांनो, पृथ्वीच्या गोलावर दिल्लीपासून चेन्नईपर्यंत एक दोरा ताणून धरा. दुसरा मुंबईपासून कोलकात्यापर्यंत धरा. हे दोन्ही दोरे नागपूरजवळ एकमेकांस छेदतात. नागपूरपासून मुंबई सुमारे 680, दिल्ली 850, चेन्नई 900 आणि कोलकाता 980 किलोमीटर दूर आहे.

या स्थानाचा देशाला मोठा उपयोग झाला. 30 जानेवारी 1949 रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून टपाल घेऊन विमाने निघत व मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपूर्वी विमाने परत फिरत. संध्याकाळी मद्रासला टाकलेले पत्र सकाळी दिल्लीस पोहोचे.

परंतु चारही विमाने एकाच वेळी नागपूरला कशी पोहोचावीत? त्यासाठी अंतराला वेगाने भागून वेळ काढावा लागे. त्या काळचे डाकोटा विमान ताशी सुमारे 270 किलोमीटर वेगाने जाई. म्हणजे मुंबईहून नागपूरला अडीच तास लागत, तर कलकत्त्याहून साडेतीन तासांहून अधिक. म्हणून कलकत्त्याच्या विमानाला मुंबईच्या विमानाआधी तासभर निघणे भाग होते.

एवढ्यानेही हिशेब पुरा होत नाही. समोरून ताशी 30 किलोमीटर वेगाचा वारा वाहू लागला, तर त्याच विमानाचा जमिनीवरील वेग 240 किलोमीटरच उरतो. मग कलकत्त्याच्या विमानास सुमारे अर्धा तास उशीर होणार! एक विमान अडले, की त्याच्या थैल्यांसाठी इतर तिघांना थांबावे लागणार. वारा पाठीशी असेल, तर मात्र हाच प्रवास लवकर संपतो. अंतर तेच राहते, वेळ बदलतो.

पुढे अधिक वेगवान विमाने आली आणि कालांतराने ही सेवा बंद झाली. आजचे जेट विमान ताशी सुमारे 800 किलोमीटर वेगाने उडते. या वेगाने नागपूर-मुंबई अंतर पन्नास मिनिटांत कापले जावे. तरी वेळापत्रकात सुमारे दीड तास दिलेला असतो. कारण विमानाला धावपट्टीपर्यंत चालत जावे लागते, हळूहळू वर चढावे लागते, आणि उतरताना वेग कमी करून आपली पाळी येईपर्यंत थांबावेही लागते.

म्हणून प्रवासाचा वेळ काढताना केवळ अंतर पाहून भागत नाही. वेग, वारा आणि चढउतार यांचाही विचार करावा लागतो.